इथपर्यंत बरोबर

रिकाम्या वर्गाला घाबरणारं माणूस तुम्ही पाहिलंय? ती घाबरायची. भरलेल्या वर्गाला तर घाबरायचीच, पण रिकाम्या वर्गातही बाकं आपल्याकडे टक लावून बघतात, असं तिला वाटे.

ती विद्यापीठाच्या गणित विभागातली नवी व्याख्याती होती. डोकं असं की तिचा प्रबंध वाचताना परीक्षकांचा चहा तीनदा गार झाला. पण फळ्यापुढे उभी राहिली की तिची बोबडी वळायची. आवाज इतका बारीक व्हायचा की पहिल्या बाकावरची मुलं ओठ वाचायला शिकली, आणि मागच्या बाकावरची मुलं पहिल्या बाकावरच्यांना विचारून वह्या भरू लागली. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं — कुजबुज मॅडम.

याचं मूळ पहिल्याच आठवड्यात होतं. सिद्धता अर्ध्यावर आली असताना मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, चुकलं!" आणि अख्खा वर्ग हसला. तिच्या हातातला खडू पडला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकलेलीच दाराबाहेर निघून गेली. खडू अजून तिथेच आहे म्हणतात.

आता सत्र संपताना तिला समितीपुढे जाहीर पाठ द्यायचा होता. जमला तर नोकरी कायम. नाही जमला तर दादाने आपल्या ऑफिसात तिच्यासाठी एक टेबल आधीच पुसून ठेवलं होतं, बिनखिडकीच्या खोलीत. त्या टेबलाच्या नुसत्या आठवणीने तिच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून त्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती जीव मुठीत धरून कोपऱ्यातल्या वर्गात शिरली. बाहेर पाऊस रिपरिपत होता. छप्पर गळत होतं, आणि गळतीखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होता... टप... टप... तिने बाकांकडे पाठ केली, फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि फळ्यालाच समजावून सांगू लागली.

"म्हणून... दोन्ही बाजूंना 'अ वजा ब'ने भागलं की..."

"आणि 'अ वजा ब' शून्य असलं तर?"

ती किंचाळली. अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या शिपायाने सुट्टी संपल्याची घंटा दिली. 'आवाज आला, मला वाटलं वेळ झाली,' असं तो आजही सांगतो.

शेवटच्या बाकाखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत खडूची भुकटी, केसांत कोळ्याचं जाळं, हातात काळी छत्री.

"छत्री शोधत होतो," तो म्हणाला. "माफ करा, पण किंचाळलात छान. एवढ्याच आवाजात ती तिसरी ओळ म्हणाल का?"

"तुम्ही — तुम्ही चोरून ऐकत होतात?"

"मॅडम, तुमचं ऐकायला चोर व्हावं लागत नाही, बहिरं नसावं लागतं. नुसतं बहिरं नसूनही भागत नाही म्हणा."

ती लाल झाली. रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्याला ती नावाने ओळखत होती. सगळं विद्यापीठ ओळखत होतं. मुलं त्याला चुकोबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कारण हा गडी प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक करायचा. मुद्दाम. कुठे, ते सांगायचा नाही. ज्याला सापडेल त्याने उठायचं, खडू घ्यायचा आणि पुढचं शिकवायचं. सर जाऊन त्याच्या बाकावर बसणार. विभागप्रमुख मोठ्या बाई याच्यावर इतक्या उखडल्या होत्या, की त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर उतरायचा.

"तुमचा पाठ आहे ना, सत्राच्या शेवटी?" त्याने विचारलं.

"आहे..." तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि मी मरणार आहे."

"पाठात आजवर कुणी मेलेलं नाही. ऐकणारे मरतात कधीकधी." तो छत्री झटकत म्हणाला. "उद्या माझ्या तासाला या. मागे बसा. घाबरायचं असेल तर खुशाल घाबरा, माझी हरकत नाही."

ती गेली. जायचं नाही असं ठरवून गेली.

चुकोबाचा तास म्हणजे जत्राच. पण विचित्र जत्रा, पिन पडली तरी ऐकू येईल अशी. सगळ्या मुलांच्या नजरा फळ्याला चिकटलेल्या. तो भराभर लिहीत होता, हसत होता, आणि प्रत्येक ओळीला वर्ग श्वास रोखत होता — हीच का? ही का? लपलेलं मांजर शोधावं तशी ती चूक शोधणं चाललं होतं.

मग एक लांब वेणीवाली मुलगी उठली. मागे बसलेल्या कुजबुज मॅडमना वाटलं, आता ही ओरडणार, "सर, चुकलं!" आणि सगळे हसणार. तिने बाकाची कड घट्ट धरली.

पण ती मुलगी फळ्यापाशी गेली. वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथपर्यंत बरोबर."

कुणीही हसलं नाही. सरांनी मान लववून खडू तिच्या हातात दिला. "आता पुढे. वर्गमूळ घेताना सरांनी उणे खिशात घातलं," असं म्हणत मुलगी लिहू लागली. सर जाऊन तिच्या जागेवर बसले आणि शेजारच्या मुलीकडे पेन्सिल मागू लागले.

तास सुटल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"ते... 'इथपर्यंत बरोबर'... ते काय आहे?"

"आमच्या वर्गाचा एकच कायदा. चूक सापडली म्हणून ओरडायचं नाही. आधी शेवटच्या बरोबर ओळीवर बोट ठेवायचं. माणूस पूर्ण चुकत नाही हो मॅडम. कुठून तरी पुढे चुकतो. तुम्हाला त्या दिवशी कुणी बोट ठेवून दाखवलं असतं, तर तुम्ही वाकलेल्या बाहेर गेला नसता."

म्हणजे याला सगळं माहीत होतं! तिला वाटलं, जिना पोटात घेईल तर बरं. पण तो हसत नव्हता. त्याच्या पापण्यांवरसुद्धा खडूची भुकटी होती, आणि ती पुसावीशी वाटली म्हणून ती भलतीच घाबरली. ही भीती नवीन होती. हिला फळ्याची गरज नव्हती.

त्यानंतर रोज दुपारी, त्याच गळक्या वर्गात, तिचा सराव सुरू झाला. तो शेवटच्या बाकावर बसायचा.

"आवाज पोचला नाही, तर मी छत्री उघडेन," त्याने सांगितलं. "पोचला की मिटेन."

पहिल्या दिवशी छत्री उघडी ती उघडीच राहिली. तिसऱ्या दिवशी मध्येच एकदा मिटली, आणि ती इतकी दचकली की पुढचं वाक्य विसरली.

"का मिटलीत?"

"ऐकू आलं म्हणून."

"मग सांगून मिटायची ना!"

"हे तर अजून छान ऐकू आलं."

"तुम्ही फार... फार..."

"बोला, बोला. शेवटच्या बाकापर्यंत येऊ द्या."

"आगाऊ आहात!"

"इथपर्यंत बरोबर," तो गंभीरपणे म्हणाला.

ती राहायची मावशीकडे. मावशीने शिवणाच्या वर्गात उभं आयुष्य घातलं होतं. कापड आणि भाची, दोन्हींचा सुरकुतलेला भाग तिच्या नजरेतून सुटत नसे.

"हल्ली भाजी चिरताना हसतेस ग," मावशी म्हणाली.

"भीतीने, मावशी."

"भीतीने माणूस हसत नाही, बोट कापून घेतं. कोण आहे तो?"

"कुणी नाही! आमच्या विभागातले एक सर आहेत. ते मुद्दाम चुका करतात."

"अगं बाई! पुरुष आणि मुद्दाम?" मावशीने सुरी खाली ठेवली. "बाकीच्यांना तर केल्याचं कळतही नाही."

असं सगळं बरं चाललं होतं. पण भीती कुठे गेली नव्हती. रात्री डोळा लागला की तिला स्वप्न पडायचं — ती फळ्यावर लिहितेय आणि ओळी तिच्यामागे पुसल्या जातायत, आणि मागच्या बाकावरून दादाचं ते पुसलेलं टेबल तिच्याकडे बघून हसतंय. पाठ जवळ येत गेला तसा तिचा आवाज पुन्हा बारीक होऊ लागला. एका दुपारी छत्री बराच वेळ उघडीच राहिली.

"आज काय झालं?" त्याने विचारलं.

"मला नाही जमायचं. तुमचं सोपं आहे. तुम्ही घाबरत नाही."

"मी कशाला घाबरू? चुकलो तर चुकलो. रोज तर चुकतो."

"तुम्ही चुकत नाही, सर!" ती वळली, आणि नवल म्हणजे तिचा आवाज स्वच्छ आला. "तुमची चूक कुठे आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं. खिशात उत्तर ठेवून हरवल्याचं सोंग करता. जी चूक स्वतः पेरली, ती चूक कसली? खरंखुरं चुकलायत कधी? सगळ्यांसमोर? पुढची ओळ माहीत नसताना?"

बादलीत थेंब पडला... टप.

त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याच्याच फळ्यावर कुणीतरी त्याला न दिसलेली ओळ दाखवली होती. त्याने छत्री मिटली. बाकावर ठेवली. आणि छत्री न घेताच भर पावसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. छत्री तिथेच पडून होती, आणि मिटलेल्या छत्रीसमोर बोलणं हे उघड्या छत्रीसमोर बोलण्यापेक्षा किती भयंकर असतं, ते तिला कळलं. आपण काय बोलून बसलो! आता तिला दोन गोष्टींची धास्ती होती. पाठात तो नसेल याची. आणि तो असेल याची.

पाठाचा दिवस उजाडला.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, चष्मा कपाळावर. त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले, जाड भिंगाचे परीक्षक. मागे मुलं. तिची छाती अशी धडधडत होती की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलत होतं, आणि परीक्षक त्या ग्लासाकडे संशयाने बघत होते.

तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तो होता. कोपऱ्यात, अंग चोरून, दोन्ही हातांनी छत्री धरून. तिने सकाळीच ती त्याच्या खोलीच्या दाराला अडकवून ठेवली होती. छत्री मिटलेली होती.

विषय जुना आणि देखणा होता : मूळ संख्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही त्या, कधीच संपत नाहीत. तिने सुरुवात केली. आवाज कापत होता, पण पोचत होता. छत्री मिटलेलीच.

"समजा, त्या संपतात," ती म्हणाली. "मग सगळ्यांची एक यादी करता येईल. त्या सगळ्यांचा गुणाकार करू आणि त्यात एक मिळवू. आता यादीतल्या कुठल्याही संख्येने भागा, बाकी एकच उरणार."

परीक्षक मान डोलावत होते. आणि तेवढ्यात, कसं कुणास ठाऊक, तिची नजर मोठ्या बाईंच्या कपाळावर गेली. चष्मा घसरला होता. तो नाकाकडे निघाला होता. तिचा हात पुढे धावला आणि फळ्यावर लिहून गेला : अशा रीतीने पहिल्या कितीही मूळ संख्या घ्या, गुणून एक मिळवा, उत्तर नेहमी मूळ संख्याच येते.

लिहिलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं.

चूक. खरी, धडधडीत, शिकलेल्या माणसांकडूनच घाईत होणारी चूक. वेणीवाल्या मुलीच्या कपाळावर आठी पडली होती. मोठ्या बाईंचा चष्मा नाकावर येऊन बसला. तिचे पाय दाराकडे वळू लागले. वाकलं की झालं. खडू पाडला की झालं...

जाड भिंगाचे परीक्षक खाकरले. माणूस दयाळू होता. "ही मुद्दाम केलेली चूक असावी, नाही का? तुमच्या इथे तशी पद्धत आहे, असं ऐकलंय. मुलांनी शोधावी म्हणून?"

दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसतं 'हो' म्हणायचं. एक अक्षर. नोकरी कायम, दादाचं टेबल दुसऱ्या कुणाला. तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. पाठ तिचा होता, आणि पाचावर धारण बसली होती त्याची.

"नाही, सर," ती म्हणाली. "मुद्दाम नाही. मी खरंच चुकले."

कुणीतरी श्वास आत घेतला. तिने बोट उचललं. चुकलेल्या ओळीच्या वर, 'बाकी एकच उरणार' या शब्दांवर ते टेकवलं.

"इथपर्यंत बरोबर."

आवाज असा गेला की मागच्या भिंतीवरचं घड्याळ चालू झालं. बंद पडलेलं होतं ते.

"पुढे मी घाई केली," ती म्हणाली. "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. गुणाकार तीस हजार तीस. एक मिळवा, तीस हजार एकतीस. ही मूळ आहे का? एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ, बरोबर तीस हजार एकतीस. म्हणजे नाही! पण बघा, एकोणसाठ आपल्या यादीत नव्हती. नवी संख्या स्वतः मूळ असेल किंवा नसेल. पण तिला भागणारी एक तरी मूळ संख्या यादीच्या बाहेर असणारच. म्हणून यादी कधीच पुरी होत नाही."

तिने खडू ठेवला. पाय जागेवरच होते.

मोठ्या बाई उठल्या. चष्मा काढून पुसला, जे त्यांनी कधी केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "सोमवारपासून पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्यानेच शिकवा. मला खाली ऑफिसात ऐकू आलं पाहिजे."

सभागृह रिकामं झालं. मुलं गेली, परीक्षक जाताना ग्लासात एकदा डोकावून गेले. शेवटच्या रांगेत छत्री आणि छत्रीमागे तो, दोघेच उरले.

"आलात," ती म्हणाली.

"आलो. दारातून चार वेळा परत गेलो, मग आलो." तो उठला. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मी कधीच चुकलो नाही. म्हणजे... चुकायची वेळच येऊ दिली नाही. आज तुम्हाला तिथे उभं बघून मला कळलं, भीती म्हणजे काय." त्याने फळ्याकडे बोट केलं. "मला एक सिद्धता मांडायची आहे. पुढची ओळ मला माहीत नाही. बसाल का?"

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तो फळ्यापाशी गेला. ज्याच्या तासाला पिन पडलेली ऐकू यायची, त्या माणसाच्या हातात खडू असा वाजत होता, जणू थंडीने दात वाजताहेत. तो काहीतरी पुटपुटला.

तिने छत्री उचलली आणि उघडली.

"आवाज पोचत नाही, सर."

"समजा," तो ओरडला, आणि स्वतःच दचकला. "समजा, एक माणूस आहे. त्याला एक... एक व्याख्याती आवडते. पहिल्या किंकाळीपासून."

छत्री मिटली नाही. पण तिच्यामागे काय चाललंय, ते त्याला दिसत नव्हतं, आणि त्यामुळे त्याला घाम फुटला. तो वळून लिहू लागला. एक ओळ : तो रोज दुपारी तिची वाट बघतो. दुसरी ओळ : तिने खरं बोलून त्याला दुखवलं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. मग खडू अडला. बराच वेळ अडला. शेवटी त्याने घाईघाईत तिसरी ओळ लिहिली : म्हणून ती नाहीच म्हणणार.

आणि तो तसाच फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. वळायची हिंमत होईना.

मागे छत्री मिटल्याचा आवाज आला. मग पावलं. जवळ... आणखी जवळ. खडूच्या वासात ओल्या कापडाचा वास मिसळला. एक हात त्याच्या खांद्यावरून पुढे आला, आणि बोट दुसऱ्या ओळीवर टेकलं.

"इथपर्यंत बरोबर," ती म्हणाली. हळूच. कुजबुजतच. पण त्याला शेवटच्या बाकावरही ऐकू आलं असतं.

"तिसरी... मी मुद्दाम नव्हती लिहिली," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे. तुझी पहिलीच आहे ना, खरी? इतकी कच्ची कुणी मुद्दाम करत नाही." तिने त्याच्या पापण्यांवरची भुकटी बोटाने पुसली आणि हात पुढे केला. "खडू दे इकडे. आणि जा, बाकावर बस."